लिनिया टी-जेट, २०० बीएचपी: इंधनाच्या बाजूच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

गाडी २०१४ ची फियाट लिनिया टी-जेट, रांजणगावात बनलेली. १३६८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर ११४ पीएस. हेच इंजिन अबार्थ पुंटोत १४५ देत होतं, आणि युरोपातल्या अबार्थ ५९५ च्या वरच्या मॉडेलमध्ये गॅरेटचा जीटी १४४६ टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) लावून १८०. तो टर्बो आता घरी येऊन पडलाय. गाडी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) न्यायची आहे, तीही ट्रेलरवरून. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल रस्त्यावरच्या गाडीत चालवून घेत नाही, त्यामुळे रोजची गाडी म्हणून हिचा विचार कधीच सोडलाय.

टर्बो १८० चा असला तरी इंधनाची बाजू २०० बीएचपी धरून काढायची. हवा कमी पडली तर गाडी जरा सुस्त पळेल, एवढंच. इंधन कमी पडलं तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉक सुरू होतो (मिश्रण आपोआपच भडकतं) आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटून हातात येते. जास्तीची सोय ठेवायचीच तर ती इथे ठेवावी.

कागदावरचा हिशेब असा. टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडवर किलोवॉट-तासाला ३५० ग्रॅम पेट्रोल खातं असं धरलं. नीट ट्यून झालेलं इंजिन याहून कमी खाईल, पण इथे हात सैल ठेवलेला बरा. २०० बीएचपी म्हणजे १४९ किलोवॉट, म्हणजे तासाला ५२ किलो पेट्रोल. घनता ०.७४५ धरली तर तासाला ७० लिटर, मिनिटाला ११६७ सीसी. चार इंजेक्टरांत (पेट्रोल फवारणारे, सिलिंडरमागे एक) वाटल्यावर प्रत्येकी २९२. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २९२ भागिले ०.८. उत्तर ३६५ सीसी.

इथवर सगळे येतात आणि ४४० सीसीचे इंजेक्टर मागवून मोकळे होतात. ४४० सीसी, पण कुठल्या दाबाला आणि कुठल्या द्रवाचे, हे कोणी विचारत नाही. बॉशच्या ईव्ही१४ इंजेक्टरांचे आकडे ३ बारला आणि एन-हेप्टेनवर मोजलेले असतात. आपल्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ना ३ बार आहेत ना हेप्टेन.

१४ ऑक्टोबर

सध्या गाडीवर साधा रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले बदललेले आकडे) आहे, अबार्थ पुंटोच्या आसपासचा. ओबीडीवरून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटवरून) लॉग घेतला. ५५०० आरपीएमला इंजेक्टर १७.९ मिलिसेकंद उघडा. या आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना २१.८ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे ड्यूटी (उघडं राहण्याचं प्रमाण) ८२ टक्के. मूळ इंजेक्टर आहेत तिथेच संपलेत. त्यांच्यावर आणखी वेळ घालवणार नाही.

१५ ऑक्टोबर

रेलच्या तोंडाशी गेज लावला. आयडलला (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू) ३.५ बार. ॲक्सिलरेटर दिला, ३.५. बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना), ३.५. काटा हलत नाही, आणि खरी गोम तीच आहे.

ही रिटर्नलेस सिस्टम आहे. रेग्युलेटर टाकीत पंपाशेजारी बसतो, रेलपर्यंत एकच पाइप येतो आणि परत काही जात नाही. रेग्युलेटरला इंजिनातल्या दाबाची खबरच नाही, तो बाहेरच्या हवेच्या मानाने ३.५ बार धरून ठेवतो. इंजेक्टरचं नाक मात्र इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागात) आहे. तिथे १.४ बार बूस्ट असेल तर तो दाब पेट्रोलला उलटा ढकलतो. इंजेक्टरच्या वाट्याला उरतात ३.५ वजा १.४, म्हणजे २.१ बार. बूस्ट वाढवून पेट्रोल जास्त मागायचं, आणि त्याच बूस्टने पेट्रोलचा जोर कमी करायचा.

प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारला ४४० देणारा इंजेक्टर २.१ बारला ३६८ देईल. त्यातून २९२ काढायचे तर ड्यूटी ७९ टक्के. काठावर पास.

दुसरा रस्ता म्हणजे मॅनिफोल्डला नळी जोडलेला रेग्युलेटर. बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढतो आणि फरक कायम ३.५ राहतो. तोच इंजेक्टर तेव्हा ४७५ देतो आणि ड्यूटी ६१ वर येते. यात भुर्दंड पंपाला: त्याला आता ३.५ नाही, ४.९ बारविरुद्ध ढकलावं लागणार.

१७ ऑक्टोबर

इंधन कुठलं, हे अजून हिशेबात आलंच नव्हतं.

शंभर मिलीचा काचेचा मोजपात्र-नळा आणला. २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि उघड्या गच्चीवर सावलीत ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. पाच-दहा मिनिटांत दोन थर स्वच्छ वेगळे झाले आणि मधली रेघ २० वरून ३५ च्या जरा वर सरकली. ८० पैकी १५ मिलीपेक्षा जास्त द्रव खाली उतरला. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर एकूण आकारमान थोडं आक्रसतं, ते धरलं तर बरोबर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. पंपावरच्या पाटीवर विश्वास होताच, पण डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं.

इथेनॉल स्वतःच्या वजनात ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, इथेनॉलला ९. ई२० चं १३.५ च्या आसपास येतं. आकारमानात पाहिलं तर साडेसात टक्के जास्त द्रव. ७० लिटरचे ७५ झाले, इंजेक्टरमागे २९२ चे ३१४.

आता परवाचा हिशेब पुन्हा. रिटर्नलेसवर ३१४ भागिले ३६८, ८५ टक्के. नापास. मॅनिफोल्डच्या रेग्युलेटरवर ३१४ भागिले ४७५, ६६. आता निवडीचा प्रश्नच उरला नाही. रिटर्न लाइन टाकायची.

जाता जाता: वाइडबँडच्या (मिश्रण मोजणाऱ्या एक्झॉस्टमधल्या सेन्सरच्या) गेजवर १४.७ दिसतं म्हणून आत १४.७ चं मिश्रण आहे असं नाही. सेन्सर लॅम्डा (योग्य प्रमाणाच्या तुलनेत हवा किती; १ म्हणजे बरोबर) मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. ई२० वरही तो १४.७ च दाखवेल. मी गेज लॅम्डावर टाकून दिला, डोक्याला ताप नाही.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. गॅरेज भाऊबीजेपर्यंत बंद. नाना पेठेतली स्पेअरची दुकानं फटाक्यांच्या आधीच ओस.

२७ ऑक्टोबर

मूळ पंप मोजला. मागच्या सीटखालचं झाकण उघडून मॉड्यूल बाहेर काढलं, पंपाला बाहेरून १३.५ व्होल्ट दिले, आउटलेटवर गेज, पुढे बॉल व्हॉल्व्ह, पुढे खुणा केलेला कॅन. व्हॉल्व्ह आवळत दाब हवा तिथे आणायचा आणि तीस सेकंद मोजायचे. अग्निशामक शेजारी, बॅटरी लांब, शटर पूर्ण वर.

३.५ बारला १.०५ लिटर, म्हणजे तासाला १२६. इथे पंप आरामात आहे. ४.९ बारला ०.६५ लिटर, तासाला ७८. गरज ७५. पंप म्हातारा होणार, फिल्टर चोंदणार, पेट्रोल तापणार, म्हणून वर २० टक्के हवेतच. म्हणजे ९०. मूळ पंप घरी.

पंपाच्या डब्यावरचा आकडाही असाच वाचायचा. "२५५ लिटर" म्हणजे ३ बारच्या आसपास आणि १३.५ व्होल्टला. दाब वाढला की तो घटतो, व्होल्टेज पडलं की आणखी घटतो. ४०० च्या पुढचे पंपही मिळतात आणि लोक लावतात. आपल्याला ९० लागतात. उरलेलं सगळं पेट्रोल रेलपर्यंत जाऊन गरम होऊन टाकीत परत येणार, आणि आपल्या उन्हाळ्यात टाकी आधीच तापलेली. काकांचा आग्रह मोठ्याचाच होता. "अरे, पुढे तीनशे करायचे म्हटलंस तर परत सीट उचलायची का?" तीनशे या गिअरबॉक्सवर होणार नाहीत, काका. २५५ वाला घेतला.

२ नोव्हेंबर

इंजेक्टर. ४४० सीसी, पौंडांत सांगायचं तर ४२. हजार सीसीचे का नाहीत, असं ट्यूनरच्या ग्रुपवर दोघांनी विचारलं, म्हणून आयडलचा हिशेब लिहून ठेवतो.

हे इंजिन आयडलला तासाला ०.९ लिटरच्या आसपास पितं. ८५० आरपीएमला प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४२५ वेळा उघडतो, म्हणजे एका वेळी ०.००८८ सीसी. ४७५ सीसी देणाऱ्याला त्यासाठी १.१ मिलिसेकंद लागतात. हजारवाला ३.५ बारला १०८० देतो, त्याला अर्धा मिलिसेकंदच. शिवाय सुई उचलायला लागणारा डेड टाइम १ मिलिसेकंदाच्या आसपास, तो दोघांनाही. अर्ध्या मिलिसेकंदाच्या कामात सुई पूर्ण उचलून स्थिर होईपर्यंत मिटायची वेळ येते, आणि चार इंजेक्टर चार तऱ्हेने वागतात. मग आयडल खालीवर, सकाळी स्टार्टला त्रास, ट्रॅफिकमध्ये पेट्रोलचा वास. कशासाठी?

फवाऱ्याचा आकार आकड्याइतकाच महत्त्वाचा. या हेडला प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह आहेत आणि पोर्टच्या मध्ये भिंत. एकच शंकू मारणारा इंजेक्टर घेतला तर निम्मं पेट्रोल त्या भिंतीवर ओघळणार. दोन शंकूंचा घ्यायचा, आणि बसवताना दोन्ही धारा दोन व्हॉल्व्हकडे जातील असा फिरवून. खाच कुठल्या बाजूला येते ते पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवलं. लांबी, १४ मिमीची ओ-रिंग, प्लग हे सगळं मूळ इंजेक्टर शेजारी ठेवून जुळवलं.

इंजेक्टरबरोबर डेटाशीट आली पाहिजे: व्होल्टेज आणि दाबानुसार डेड टाइमचा तक्ता. निम्म्या किमतीतले मिळत होते, तक्ता नव्हता. घेतले नाहीत. तक्ता नसलेला इंजेक्टर ट्यूनरला डोळे बांधून काम करायला लावतो, आणि डायनोचं (गाडीची ताकद मोजायच्या यंत्राचं) भाडं तासावर असतं.

८ नोव्हेंबर

पाइप. रेलपर्यंतचा मूळ पाइप बदलावा का, यावर दोन संध्याकाळी वाद झाले. आतला व्यास ६ मिमी, लांबी साधारण ४ मीटर. तासाला १९० लिटर वाहिले तर वेग सेकंदाला १.९ मीटरच्या आत, आणि दाबाचं नुकसान पाव बार. पंपाला ४.९ ऐवजी ५.१ वर काम करावं लागेल, करू दे. पाइप राहिला.

रिटर्नचं गणित उलटं आहे. आयडलला इंजिन जवळजवळ काहीच पीत नाही, पंपाचं सगळं पेट्रोल परत जातं, आणि कमी दाबाला पंप जास्त देतो: दोनशेच्या वर. हे ६ मिमीतून परत पाठवलं तर पाइपमध्येच तिसरा हिस्सा बार अडतो आणि तो रेग्युलेटरच्या दाबावर चढतो. ८ मिमी घेतला तर ०.१ च्या खाली. म्हणून जायचा पाइप ६ आणि यायचा ८. पाहणाऱ्याला हे चुकीचं वाटतं. दोघांनी तोंडावर सांगितलंही.

१५ नोव्हेंबर

मॉड्यूलचं काम. टाकीतला रेग्युलेटर काढून जागा बंद केली, झाकणात रिटर्नसाठी फिटिंग बसवलं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा वॉशर टर्न करून घेतला, प्लास्टिकवर नट थेट आवळला तर कालांतराने तडा जातो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मॉड्यूलच्या तळाशी एक वाटी असते, पंप तिच्यात उभा असतो. टाकीत पेट्रोल कमी असलं तरी वाटी भरलेली राहावी म्हणून खाली एक छोटा जेट असतो, आणि त्या जेटला जोर मिळतो तो जास्तीच्या पेट्रोलच्या धारेतून. रेग्युलेटर काढला की जेट उपाशी. म्हणून रिटर्नचा शेवट टाकीत मोकळा न सोडता वाटीतच सोडला. आता परत येणारं सगळं पेट्रोल आधी वाटी भरतं, मग सांडतं.

टाकीतली नळी एसएई जे३० आर१० ची. ही पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठीच बनलेली असते. बाहेरची चांगली फ्युएल होज आत लावली तर तिचं बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि काही महिन्यांत लगद्यासारखं होतं. आर१० महाग आहे, वीतभरच लागते, कुरकुर करायची नाही. बाहेर इंजिनजवळ टेफ्लॉनचं अस्तर असलेली. ई२० मुळे जुन्या रबराच्या सगळ्या नळ्या एका झटक्यात काढल्या.

२२ नोव्हेंबर

वायरिंग. नवा पंप ४.९ बारला १० अँपिअरच्या जवळ खेचतो. जुन्याच वायरवर चालवून पाहिला: अल्टरनेटरवर १३.८, पंपाच्या टर्मिनलवर १२.३. दीड व्होल्ट वाटेतच जिरला. विकत घेतलेल्या पंपाचा बराच हिस्सा या वायरीत हरवतो आणि दोष पंपाला जातो.

बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, मागे रिले, अर्थिंग थेट बॉडीला घासून स्वच्छ केलेल्या जागी. पंपावर आता १३.३ ते १३.४. रिलेला चावी मात्र पंपाच्या जुन्या वायरीचीच. इंजिन बंद पडलं किंवा धडक बसली तर पंप थांबवायची कंपनीची सोय त्या वायरीतून येते. इग्निशनवरून थेट सप्लाय देणारे लोक आहेत. अपघातात फुटलेल्या पाइपमधून पंप चालूच राहिला तर काय, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

२९ नोव्हेंबर

इंजिन सुरू करण्याआधी नुसता पंप चालवून प्रत्येक जोडावर टिश्यूपेपर फिरवला. रेग्युलेटरच्या अडॉप्टरवर ओल दिसली, वॉशर बदलून पुन्हा. कोरडं.

व्हॅक्यूमची नळी काढून बेस ३.५ लावला. नळी जोडल्यावर आयडलला गेज २.८५ वर आला, मॅनिफोल्डमध्ये त्या वेळी उणे ०.६५. फरक बरोबर ३.५. नळीवर दोन्ही टोकांना क्लिप मारल्या. ही नळी बूस्टमध्ये निसटली तर रेग्युलेटर परत जुन्या दिवसांत जातो आणि मिश्रण लीन होतं. पंधरा रुपयांची क्लिप.

पंपाचा मोजमाप पुन्हा, या वेळी गाडीत, गाडीच्याच वायरीवर: ४.९ बारला तीस सेकंदांत १.५५ लिटर. तासाला १८६. लागणार ९०.

१३ डिसेंबर

डायनो. बॉश ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) ट्यूनरने इंजेक्टरचा स्थिरांक आणि डेड टाइमचा तक्ता भरला. मूळ नकाशात बूस्टनुसार दाब घटतो असं धरून केलेली दुरुस्ती असेल तर ती काढायची, हे त्याला आधीच लिहून दिलं होतं. आता दाब घटत नाही, आणि ती दुरुस्ती तशीच राहिली तर मिश्रण विनाकारण रिच (पेट्रोल जास्त) होतं.

१.२ बार बूस्ट, चाकांवर १५३ बीएचपी. क्रँकवर १८० च्या आसपास धरायला हरकत नाही. ५८०० ला इंजेक्टर १३.२ मिलिसेकंद, ड्यूटी ६४. कागदावर १८० ला ६० येत होते, वरचे ४ टक्के डेड टाइमचे. लॅम्डा ०.८१ ते ०.८२, शेवटपर्यंत सपाट. रेलवर ४.६५ ते ४.७. म्हणजे फरक ३.५ च्या खाली गेला तो पाच शतांश बारने.

ट्यूनर म्हणाला, इंधनाला हात लावायला लागला नाही म्हणून निम्मा वेळ वाचला. बिल पूर्ण लावलं.

२० डिसेंबर

टाकी कमी असताना लाँच (उभ्या गाडीतून एकदम सुटणं). बंद आवारात, रेलच्या दाबाचा लॉग चालू ठेवून. अर्ध्या टाकीला दाब सरळ रेघ. पाव टाकीलाही. दहा लिटरच्या खाली गेल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, जेव्हा सगळं पेट्रोल मागे चढतं, तेव्हा क्षणभर ०.१५ बारची खाच. वाटी काम करतेय, पण तिलाही मर्यादा आहे. धावपट्टीवर पाव टाकीच्या खाली लाइनला लागायचं नाही, असं डॅशबोर्डवर चिकटवून टाकलं. वजन वाचवायला पाच लिटरवर पळणारे असतात. पंधरा लिटरचं वजन सव्वाअकरा किलो. तेवढं मागच्या सीटमधूनच निघतं, आणि सीट तशीही काढलेलीच आहे.

गरम पेट्रोलची चाचणी एप्रिलमध्ये, पुण्याचं तापमान चाळीसला टेकल्यावर. टाकीच्या झाकणाजवळ थर्मोकपल लावून ठेवलाय, रिटर्नच्या फिटिंगला चिकटवून.